रणपिसे मावशींची भिंत

कमल रणपिसे या बाईंनी उभ्या जन्मात स्वतःसाठी म्हणून एकच मोठी गोष्ट मागितली, ती म्हणजे भिंत. बांधून नको होती, बांधलेलीच हवी होती. सुनेच्या नव्या घरातली, दिवाणखान्यातली, दारातून आत पाऊल टाकलं की समोर दिसणारी. ती त्यांना मिळाली का, हे मी सांगणारच आहे. पण आधी मावशी कळायला हव्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल, भिंतीसाठी एवढं काय?

सदाशिव पेठेतल्या इमारतीत आम्ही राहायला गेलो, त्याच दिवशी त्यांची गाठ पडली. लग्न ताजं, घर ताजं, टीव्ही तर त्याहून ताजा. मी जिन्यातच टीव्हीचा खोका फाडायला घेतला होता. पाठीमागून आवाज आला,

"अहो, फाडू नका. उघडा."

वळून पाहिलं. ठेंगणी, ठसठशीत बाई. चष्म्याची दोरी म्हणून बुटाची लेस. ब्लाउजच्या खांद्यावर दोरा ओवलेली सुई टोचलेली, जशी एखाद्या शिपायाच्या खांद्यावर पट्टी असावी. त्या सुईसकट त्या रोज सरकारी कचेरीत जात, आवक-जावकच्या टेबलावर बसत आणि तिच्यासकट परत येत, हे मला पुढे कळलं.

"का हो?" मी विचारलं.

"तुमचं त्या पुठ्ठ्याशी काही भांडण आहे का?"

"नाही."

"मग मला द्या. आतला थर्माकोलही द्या. टीव्ही तुम्ही ठेवा."

मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नाव विचारायची तसदीच घेतली नाही. त्या दिवसापासून मी 'कॉम्प्युटर'. "काय कॉम्प्युटर, आज लवकर?" "अहो कॉम्प्युटर, जरा टेबल धरा." माझ्या बायकोला मात्र त्या तिच्याच नावाने हाक मारत, कारण त्यांच्या मते तिचा उपयोग ठरलेला नव्हता.

त्यांचं घर आमच्या समोरच. मिस्टर लवकर गेलेले, एकुलता एक सिद्धार्थ तेव्हा कॉलेजात. त्या घरात पहिल्यांदा शिरणाऱ्याची मोठी फजिती व्हायची. दिवा म्हणून वर बघावं तर पीठ चाळायची स्टीलची चाळणी, आणि तिच्या भोकांतून सगळ्या छतावर चांदण्या सांडलेल्या. पडद्यांना साड्यांचे काठ, एकाशी एक न जुळणारे, पण शेजारी असे बसवलेले की सख्ख्या बहिणी वाटाव्यात. बुद्धाच्या मूर्तीमागे प्रभावळ होती ती बांगड्यांची, प्रत्येक बांगडी पांढऱ्या लोकरीने गुंडाळलेली. आणि भिंतीवर घड्याळ. तडा गेलेल्या पोळपाटाला यंत्र बसवलेलं, आकड्यांच्या जागी बटणं. एकाही बटणाचं दुसऱ्याशी नातं नाही. आम्ही त्या घड्याळात बघून बावचळायचो, पण त्या मायलेकांची वेळ त्यावरच चालायची. "सिद्धार्थ, काटा कोटाच्या बटणावर आला, दूध आण," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

बिस्किटांचे डबे रांगेने होते, आणि त्यांतल्या एकातही बिस्कीट नव्हतं. मणी, टिकल्या, लेशी, लोकरीची तोकडी टोकं, जिलेटीनचे कागद, नाड्या, फिती. दुकानाची पायरी मात्र मावशी चढायच्या नाहीत. काही करायचं झालं की जमिनीवर चादर अंथरायची, डबे उपडे करायचे आणि चहाचा कप घेऊन त्या पसाऱ्यासमोर गप्प बसायचं. लोक आधी ठरवतात आणि मग सामान आणतात. मावशी आधी सामानाकडे बघत, आणि ठरवायचं काम त्याच्यावर सोडत. एकेक वस्तू उचलून त्या अगदी गंभीरपणे विचारत, "तुला काय व्हायचंय?"

आमचा मुलगा एकदा तिथे खेळत होता. त्याने चटकन उत्तर दिलं, "इंजिनिअर!"

"तुला नाही रे," मावशी म्हणाल्या. "मी बाटलीला विचारतेय. तुझं तर तुझ्या आईने ठरवलेलंच आहे."

आमच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट. आकाशकंदील आणायला आम्ही दोघं निघालो, तर जिन्यातच त्यांनी नाकेबंदी केली.

"कुठे?"

"कंदील आणायला."

"घरात बघितलंत?"

"मावशी, घरात कंदील कसा असेल?"

"कंदील नसतो हो. कंदिलाचं सामान असतं. चला."

त्या आमच्या घरात शिरल्या आणि पाचदहा मिनिटांत त्यांनी आमचा माळा रिकामा केला. तिथे उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. आमच्याच लग्नाच्या. पत्रिका जास्त छापल्या की लग्न जास्त टिकतं अशी माझ्या सासऱ्यांची समजूत असावी. मावशींनी एक पत्रिका उजेडावर धरली. पिवळा पातळ कागद, लाल अक्षरं.

"हाच," त्या म्हणाल्या.

दुपारभर खपून त्यांनी काड्यांचा षटकोन बांधला, पत्रिका डकवल्या, सोनेरी कडा बरोबर कोपऱ्यांवर आणल्या. खाली झिरमिळ्या त्याच कागदाच्या. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा खरोखर सांगतो, असा कंदील उभ्या गल्लीत नव्हता. फक्त एक झालं. उजेड आतून आल्यावर अक्षरं लखलखीत दिसू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं नाव, माझ्या बायकोचं नाव, कार्यालयाचा पत्ता आणि सगळ्यांत ठळक 'कृपया आहेर आणू नये' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. एक आजोबा तर काठी टेकत वर आले. म्हणाले, "आहेर आणू नये हे समजलं. पण जेवण आहे का?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "उशीर केलात. जेवण मागच्या मे महिन्यात झालं."

पुण्यात 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्द ज्यांना माहीत नाही ते पुण्यातले नव्हेत. पुरवण्यांत त्याची सदरं असत, शाळांत त्याचे तास असत, मंडळांत त्याच्या स्पर्धा असत. या शब्दाचं आणि मावशींचं उभं वैर. गणपतीत आमच्या सोसायटीने अशी स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून साहजिकच त्यांना बोलावलं. गणपतीची आरास गेली कित्येक वर्षं त्याच बघत होत्या. त्याबद्दल कुणी नवख्याने भुवई उंचावली, तर त्या म्हणायच्या, "मी बौद्ध आहे. तुमच्या देवाच्या पाया पडत नाही. पण त्याच्या मागचा पडदा सुरकुतलेला असला की मला झोप लागत नाही. तो माझा प्रश्न आहे, त्याचा नाही."

स्पर्धेच्या दिवशी टेबलांवर वस्तू मांडल्या होत्या. बाटल्यांच्या फुलदाण्या, दिव्यांच्या माळा, कसले कसले मोर. मावशी चष्मा वर-खाली करत फिरल्या. एका मोरापाशी थांबल्या. त्याचा पिसारा आइस्क्रीमच्या काड्यांचा होता.

"एवढं आइस्क्रीम कुणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"छे हो," मोराची मालकीण म्हणाली, "कोऱ्या काड्या मिळतात ना बाजारात. पाकीटच मिळतं."

पुढच्या टेबलावर थंड पेयाच्या बाटल्यांचं कारंजं होतं. त्या घरातल्या पोरांना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ते पेय प्यायला लावलं होतं, का तर आईला बाटल्या रिकाम्या हव्यात. त्यातलं धाकटं पोर पोट धरून खुर्चीवर बसलं होतं. मावशींनी आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माईक हातात घेतला.

"पहिला क्रमांक," त्या म्हणाल्या, "रविवार पेठेला. सगळं सामान तिथून नवं कोरं आलेलं दिसतंय. दुसरा क्रमांक या मुलाच्या पोटाला. तिसरा कुणालाच नाही. आणि तो फलक काढा. टाकाऊ कुणाला म्हणता? घरात जे असतं ते असलेलं असतं. ते टाकाऊ आहे की नाही, हे ते ठेवणाऱ्याच्या डोक्यावर अवलंबून आहे."

पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून एका बँक मॅनेजरना बोलावलं गेलं.

याच सुमारास आमच्या कंपनीने जागा बदलली. आवराआवरीत साठे साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, जुन्या सीडींचा एक खोका स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिला. "रद्द आहेत. कुणाला हव्यात तर दे." मला एकच 'कुणी' माहीत होतं. मावशींनी चादर अंथरली, चहा घेतला, एक चकती बोटावर फिरवली. छतावर इंद्रधनुष्य पळालं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हिला तर विचारायलाच नको. ही स्वतःच सांगतेय." आठवड्याभरात त्यांच्या हॉलमध्ये झुंबर लटकलं. कडीखाली कडी, प्रत्येक चकती मधल्या भोकातून नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली. मणी-टिकली कशालाही चिकटवली नव्हती. "जे मुळात चकाकतंय ते झाकायचं कशाला?" हे त्यांचं म्हणणं पुढे एका माणसाची नोकरी वाचवणार होतं.

तो माणूस म्हणजे साठे साहेब. एके सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. एका कारखान्याच्या पगाराची सगळी माहिती ज्या एका सीडीवर होती, ती सीडी त्या खोक्यात गेली होती.

"तो खोका कुठे आहे?"

"साहेब, त्याचं झुंबर झालंय."

संध्याकाळी आम्ही रिक्षात कॉम्प्युटर घालून मावशींच्या दारात हजर. मॉनिटर माझ्या मांडीवर, डबा साहेबांच्या. जिन्यात निम्मी इमारत गोळा झाली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"कुठली सीडी?"

"ते बघूनच कळेल," साहेब म्हणाले. "सगळ्या सोडवाव्या लागतील. माझ्याकडे कात्री आहे."

"कात्री खिशात ठेवा. महत्त्वाची होती तर टाकलीत कशी? आणि टाकलीत तर महत्त्वाची कशी?"

साहेबांनी कात्री खिशात ठेवली. प्रश्नाचं उत्तर आमच्या कंपनीत कुणाकडेच नव्हतं.

शेवटी मावशी स्वतः स्टुलावर चढल्या. एक चकती सोडवायची, फडक्याने पुसायची, खाली माझ्या हातात द्यायची. मी ती कॉम्प्युटरला भरवायची. साहेब पडद्याकडे बघून मान हलवायचे, "ही नाही." मग ती पुन्हा वर जायची, त्याच दोऱ्यात, त्याच जागी. प्रत्येक 'नाही'ला जिन्यातून सुस्कारा. चहा दोनदा झाला. अगदी तळाच्या कडीतली एक चकती आत गेली आणि साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. टाळ्या पडल्या. साहेब सीडी छातीशी धरून निघाले, तर मावशी दारात.

"अशी कशी नेता? झुंबर तिरकं झालं बघा. बदली द्या."

साहेबांनी बॅग चाचपली. आत एकच सीडी होती, महिनाभरात इंग्रजी बोलायला शिकवणारी. ती त्यांनी निमूटपणे काढून दिली. मावशींनी ती वर बांधली, झुंबराचा तोल बघितला आणि म्हणाल्या, "आता सरळ झालं. तुम्ही मराठीतच बोला."

वर्षं गेली. सिद्धार्थ इंजिनिअर झाला, त्याने इंजिनिअर प्राचीशी लग्न केलं, दोघंही खराडीत नोकरीला. सदाशिव पेठेतून तिथे जायचं म्हणजे रोज गाव बदलण्यासारखं. त्यांनी तिथेच, उंच मजल्यावर, घर घेतलं. मावशी निवृत्त झालेल्या, गुडघे कुरकुरणारे. "आई, तुम्ही आमच्याबरोबर यायचं," प्राची म्हणाली. मनापासून म्हणाली, मी तिथेच होतो.

"येते की," मावशी म्हणाल्या. "फक्त मला एक भिंत हवी. हॉलमधली. समोरची."

"एवढंच ना? दिली!"

मावशी इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला नावाने हाक मारली.

घर तयार होत आलं तेव्हा त्यांना दाखवायला मीच गाडीतून घेऊन गेलो. तिथे सजावटवाली मुलगी होती. हसरी, चुणचुणीत, हातात टॅबलेट. प्राची तिच्याशेजारी उभी होती. मावशींनी भिंतीला हात लावला. पांढरी, गुळगुळीत. पिशवीतून त्यांनी कागदावर काढलेला एक आराखडा काढून त्या मुलीसमोर धरला.

"सो स्वीट, आंटी," ती म्हणाली. "पण हॉलची थीम मिनिमल आहे. ही वॉल ब्लँकच ठेवायचीय. इट ब्रीद्स. भिंत श्वास घेते."

"असं? आणि सर्दी झाली की?"

मुलगी गोड हसली. "नाही, म्हणजे, हे सगळं छानच आहे हो. पण थोडं एक्स्ट्रा होतंय."

मावशींचा चेहरा एकदम मिटला. प्राची घाईघाईने म्हणाली, "आई, तुम्ही तुमच्या खोलीत काय हवं ते लावा ना. ती खोली सगळी तुमचीच."

"खोली पाहुण्यालाही देतात," मावशी म्हणाल्या. "मी भिंत मागितली होती."

त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

परतीच्या वाटेवर त्या एकदमच म्हणाल्या, "कॉम्प्युटर, मी आवक-जावकला होते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधी काय होते?"

"काय?"

"ट्रेसर. नकाशे काढायचे. पुलांचे, धरणांचे. मेणकापडावर शाईने. रेघ अशी जायची की साहेब भिंगातून बघायचे. मग तुमची यंत्रं आली. एक दिवस कागद आला. त्यात शब्द होता, अतिरिक्त. म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, पण माणूस जास्तीचं आहे. शिक्के मारायला बसवलं. तेव्हा घरी आले आणि पहिल्यांदा डबा उपडा केला." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या पोरीला काय माहीत. तिने आपलं इंग्रजीत म्हटलं."

सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवायला विसरलो. मागचे हॉर्न वाजवू लागले तेव्हा त्याच म्हणाल्या, "चला. श्वास घ्या आणि चला."

त्या खराडीला गेल्या, पण जाण्याआधी त्यांनी जे केलं ते बघून मी हादरलो. डबे वाटून टाकले. इमारतीतल्या घराघरांत, लग्नाचा बस्ता वाटावा तसे, कुणाला काय शोभेल ते बघून. झुंबर खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलं, पोळपाटाचं घड्याळ आमच्याकडे आलं.

"मावशी, तिथे काय कराल?" मी विचारलं.

"हे सगळं या घरात असलेलं. तिथे नेलं तर ते नुसतं सामान. त्या घरातलं असेल ते तिथे बघू."

दोन पिशव्या आणि बुद्धाची मूर्ती घेऊन त्या गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी प्राचीचा मला फोन आला. "दादा, तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? त्या काही लावतच नाहीत."

"कुठे?"

"भिंतीवर! मी त्याच संध्याकाळी त्या डिझायनरला सांगितलं होतं की समोरची भिंत आईंची आहे, तिला हात लावायचा नाही. तिथे दिवासुद्धा बसवू दिला नाही मी. आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बरं. आणि रोज भिंतीसमोर खुर्ची टाकून चहा पितात. दादा, भिंत दिली तरी राग गेला नाही का?"

मी गेलो. मावशी खरंच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"राग कसला?" त्या म्हणाल्या. "पोरीने शब्द पाळला. पण लावू काय? या घरात आहे काय? उशी आणली तर तिच्या जोडीच्या चार येतात. फुलदाणी फुलांसकट येते. काही फाटत नाही, काही उसवत नाही. जेवणसुद्धा डब्यासकट येतं, आणि डबाही एकसारखा. सांग, यातलं आमचं काय?"

त्यांनी मला अरे-तुरे केलं, तेव्हा मला प्रकरण किती गंभीर आहे ते समजलं. घरात भिंत होती, आणि भिंतीला देण्यासारखं घर अजून झालं नव्हतं.

पुढचं मला प्राचीने सांगितलं. कसलीशी चार्जरची वायर शोधताना तिने कपाटाचा एक खण पलंगावर उपडा केला. त्यातून वेटोळं बाहेर पडलं. निळ्या, लाल, केशरी, काळ्या रंगांच्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या. ऑफिसात गळ्यात ओळखपत्र अडकवायच्या पट्ट्या. मावशी दारात उभ्या होत्या.

"हे काय गं?"

"जुन्या कंपन्यांच्या पट्ट्या, आई. कंपनी सोडली की कार्ड परत घेतात, पट्टी राहते. माझ्याही आहेत, सिद्धार्थच्याही. टाकायचं म्हणते, राहूनच जातं."

"का राहून जातं?"

प्राची म्हणाली, "दादा, मी एक केशरी पट्टी उचलली आणि सांगत बसले की ही माझी पहिली नोकरी, या पट्टीच्या दिवसांत मी रोज घाबरायचे. ही काळी, इथे सिद्धार्थ भेटला. ही निळी, इथला बॉस भयंकर होता. आई खाली बसून ऐकत होत्या. मध्येच उठल्या आणि चादर घेऊन आल्या."

पलंगाच्या खोक्यातून आलेल्या लाकडी पट्ट्या बाल्कनीत पडून होत्या, त्यांची चौकट झाली. मावशींच्या माहेरी खाटेची नवार घरीच भरत. तेच विणकाम त्यांनी इथे चालवलं, उभी एक, आडवी एक, खालून-वरून. कंपन्यांची छापील नावं त्यांनी मागच्या बाजूला घातली. "भिंतीवर कुणाची जाहिरात नको," त्या म्हणाल्या. समोरून उरले ते नुसते रंग. शेजारपाजारी बातमी पोचली. कुठकुठल्या राज्यांतून आलेली तरुण मुलं दारात येऊ लागली, "आंटीजी, ये भी ले लो, तीन साल पहना है." मावशी त्यांच्याशी मराठी धाटणीचं हिंदी बोलत, पट्टीचा रंग उजेडात बघत आणि पसंत नसली तर तोंडावर परत करत. "ये रंग हमारे में नहीं बैठता. नोकरी बदलो, दूसरा लाओ."

ती सजावटवाली मुलगीही येऊन फोटो काढून गेली म्हणे. मावशींनी तिला चहा दिला आणि सांगितलं, "बघ, अजून श्वास घेतेय."

माझी त्यांची शेवटची भेट झाली ती एका कामाच्या दिवशी, भर दुपारी. खराडीत माझी मीटिंग लवकर संपली म्हणून मी सहज वर गेलो होतो. मावशींनी चौकट भिंतीवरून उतरवून जमिनीवर घेतली होती. वरचा मोठा भाग भरलेला, खाली नुसत्या उभ्या पट्ट्या ताणलेल्या. आमच्या गप्पा चालू होत्या, इतक्यात दाराची किल्ली फिरली आणि प्राची आत आली. ती तिची घरी येण्याची वेळ नव्हती. चपला न काढताच ती दारापाशी स्टुलावर बसली. त्या दिवसांत खराडीतल्या कंपन्या माणसं कमी करत होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. इमारतीच्या इमारती कुजबुजत होत्या.

 "चहा ठेवू?" मावशी एवढंच म्हणाल्या.

प्राचीने मान हलवली. मूठ उघडली. आत हिरवी पट्टी होती, गुंडाळलेली. "कार्ड तिथेच काढून घेतलं," ती म्हणाली. "पूर्ण टीमचं. ही राहिली. घ्या."

"आणि मी काय करू घेऊन? इकडे ये. चपला काढ आधी."

ती आली, जमिनीवर बसली. मावशींनी पट्टी दोन बोटांत धरून सपाट केली, तिचं एक टोक चौकटीतून ओवून पलीकडे काढलं आणि प्राचीच्या हातात दिलं.

"ओढ."

प्राचीचे डोळे वाहू लागले होते.

"अजून ओढ. रडायचं तेवढं रड, पण पट्टी ढिली सोडू नकोस. मागून सगळं पोकळ होतं."

मी उठलो. अशा वेळी कॉम्प्युटरचं काही काम नसतं. "येतो," म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मी बाहेर येऊन लिफ्टचं बटण दाबलं. घराचं दार उघडंच होतं.

"आई," आतून प्राचीचा नाक ओढत आवाज आला, "खाली एवढी मोठी जागा का सोडलीत? भरून टाका ना आता. संपलंच सगळं."

"संपलं कसं? तुझ्या पुढच्या कंपनीची पट्टी कुठे घालू मग? आणि त्याच्या पुढचीची? एका जागी टिकणाऱ्यातली आहेस का तू?"

प्राचीला हसू फुटलं, रडण्याच्या मधोमध, अगदी कसंतरीच. लिफ्ट आली. मी आत शिरून वळलो. त्या दोघी चौकटीच्या दोन बाजूंना पाय रोवून बसल्या होत्या. एकाच हिरव्या पट्टीचं एक टोक सासूकडे, एक सुनेकडे, आणि दोघीही जोर लावून ओढत होत्या.

"सोडू नकोस हां," मावशी म्हणत होत्या, "मीही सोडत नाही."

दार मिटलं आणि लिफ्ट खाली निघाली.